नाबोथाचा सातबारा

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. क्रमांक एक. आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. म्हणजे कागदावर बघितलं तर आपलं राज्य मणिबेलीपासून सुरू होतं. नर्मदाकाठच्या केंद्रांवर मतदान यंत्रं घेऊन बोटीतून निघालेल्या कर्मचाऱ्यांचा फोटो दर निवडणुकीत पेपरात येतो. लोकशाहीचा उत्सव वगैरे मथळा असतो. तिथे जायला बोट का लागते, हे त्या फोटोखाली सहसा नसतं.

मी मूळचा नवापूरकडचा. आमच्या तालुक्यात गावागावांत चर्च आहेत, त्यामुळे लहानपणापासून रविवार म्हणजे संडे स्कूल. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि शुक्रवारी रात्री ऑनलाइन बायबल अभ्यासाला बसतो. आठ-दहा जण, बहुतेक आयटीतले. पद्धत ठरलेली आहे. आधी उतारा वाचायचा, मग त्याचा अर्थ, मग शेवटी ‘वचन आपल्या जीवनाला कसं लागू करायचं’. या शेवटच्या भागाला आम्ही नुसतं ‘लागूकरण’ म्हणतो. प्रत्येकानं एक-दोन मिनिटं बोलायचं असतं.

गेल्या पावसाळ्यात उतारा होता पहिले राजे, अध्याय २१. नाबोथाचा द्राक्षमळा.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी. इज्रेल गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, अगदी अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. तो नाबोथाला म्हणाला, तुझा मळा मला दे, याच्याहून चांगला मळा देतो. नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, देव करो आणि ती माझ्या हातून न जावो. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला आणि जेवेना. मग राणी ईजबेल कामाला लागली. तिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहोर उठवली आणि गावच्या पुढाऱ्यांना पाठवली. उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला सभेत मानाच्या जागी बसवा आणि त्याच्यासमोर दोन साक्षीदार उभे करा, जे म्हणतील की यानं देवाची आणि राजाची निंदा केली. तसंच झालं. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला, तर तिथे एलीया संदेष्टा उभा.

आमच्या लागूकरणात काय निघालं? दुसऱ्याच्या प्रमोशनचा हेवा करू नये. बायकोच्या चुकीच्या सल्ल्यानं वागू नये (हे म्हणणाऱ्या भावाची बायको त्याच कॉलवर होती). हवं ते मिळालं नाही म्हणून रुसू नये. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की मला यात भूसंपादन दिसतं. थोडा वेळ शांतता. मग चालवणारे भाऊ म्हणाले, तेही एक अंग आहे, पण आपण वैयक्तिक आत्मिक वाढीकडे बघूया. मी म्यूट झालो.

राग त्यांच्यावर नव्हता. मीही ही गोष्ट वीस वर्षं हेव्याचीच म्हणून ऐकली होती. पण त्या रात्री मी अध्याय पुन्हा वाचला, यावेळी कोड रिव्ह्यू करतो तसा, एकेक ओळ. आणि लक्षात आलं की या गोष्टीत सगळी प्रक्रिया बरोबर आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मृत्युदंडासाठी किमान दोन साक्षीदार लागतात. ईजबेलनं बरोबर दोन मागवले. पत्रांवर मोहोर आहे. सभा आहे, आरोप आहे, गावच्या वडीलधाऱ्यांचा निकाल आहे. सगळ्या टेस्ट केसेस पास. फक्त माणूस मेला आणि जमीन गेली.

त्याआधीचा राजाचा प्रस्तावही वाईट नाही. जमिनीच्या बदल्यात जास्त चांगली जमीन, किंवा पैसे. आजच्या भाषेत पुनर्वसन पॅकेज. आणि हा मळाच का हवा, याचं राजानं दिलेलं कारण एकच: तो माझ्या घराजवळ आहे.

मणिबेली सरदार सरोवराच्या भिंतीजवळ आहे. धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली, त्यात मणिबेली सगळ्यात आधी. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हताच, १ जुलै १९९८ला तो धुळ्यातून वेगळा झाला. धरणाची कोनशिला नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ला बसवली होती. पाणी कुणाला किती यावरून राज्यांचं भांडण लवादाकडे गेलं आणि डिसेंबर १९७९मध्ये नर्मदा जल विवाद लवादाचा निवाडा आला. त्यात विस्थापितांसाठी त्या काळाच्या मानानं बऱ्यापैकी उदार तरतूद होती: ज्या कुटुंबाची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. घरातला सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. अहाबाचा प्रस्ताव, लेखी आणि तीन राज्यांवर बंधनकारक.

१९८५मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मेधा पाटकर याच सुमारास या खोऱ्यात आल्या आणि गावोगाव पायी फिरून लोकांना विचारू लागल्या की तुम्हाला कुणी काय सांगितलंय. पुढे ‘नर्मदा बचाओ आंदोलन’ उभं राहिलं आणि मणिबेली त्याचं नाक झालं. पावसाळ्यात पाणी चढायच्या वेळी इथेच सत्याग्रह बसायचा. ‘डुबेंगे पर हटेंगे नहीं’ ही घोषणा शहरात ऐकायला नाटकी वाटते. ती जिथे द्यायचे तिथून पाणी दिसत होतं.

दबाव इतका वाढला की जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायला लावावी लागली. असं त्या बँकेच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्गर यांचा अहवाल जून १९९२मध्ये आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रकल्प जसा चाललाय तसा चालू ठेवून या लोकांचं नीट पुनर्वसन होणं शक्य नाही, बँकेनं एक पाऊल मागे घ्यावं. मार्च १९९३मध्ये भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. आंदोलनाच्या इतिहासात हा मोठा विजय मानतात आणि तो आहेच. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. जे हटत नव्हते त्यांना पोलिसांनी उचलून नेलं. घरं गेली. पुढे गावातलं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं आधीच गुजरातेत परवेट्याला वसवली होती. बाकीची हळूहळू डोंगरावर सरकली आणि तिथेच राहिली.

१९९४मध्ये जागतिक बँकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी एक जाहीरनामा काढला: मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा. त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. जगभरच्या धरणांवरच्या पुस्तकांत हे नाव आजही येतं. आमच्या शाळेत, त्याच जिल्ह्यात, ते कधीच आलं नाही.

आता नाबोथाची गोष्ट इथे जशीच्या तशी बसते का? मला वाटतं, नाही. जिथे बसत नाही तिथेच ती जास्त बोलते.

पहिलं म्हणजे, अहाबाला भाजी लावायची होती. सरदार सरोवराचं पाणी कच्छ-सौराष्ट्रात गेलं, पार राजस्थानातल्या जालोर-बाडमेरपर्यंत गेलं. तिथल्या बायकांची पायपीट खोटी नव्हती. धरणाच्या बाजूनं बोलणारे सगळे ईजबेल नव्हेत. १८ ऑक्टोबर २०००ला सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक असा धरणाच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा विरोधात गेलेले न्यायमूर्ती भरुचा होते, आणि बाजूनं गेलेले दोघं तहानलेल्यांचाच विचार करत होते असं समजायला माझी हरकत नाही. प्रश्न तहानेचा नाहीच. एकाची तहान भागवण्याचा हिशेब दुसऱ्याच्याच खात्यावर का मांडला गेला, हा आहे.

आणि त्यात मी कुठे आहे? निवाड्यानुसार सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. मध्य प्रदेशाचा ५७, गुजरातचा १६. ग्रिडमधली वीज कुठून आली हे माझ्या लॅपटॉपला कळत नाही, पण मला आकडे वाचता येतात. लागूकरण करायचं तर मी नाबोथाच्या बाजूचा आहे असं म्हणण्याआधी हे सांगायला हवं. अहाबाच्या वाड्यातही कुणीतरी ती भाजी खाल्लीच असणार.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे. मराठी पवित्र शास्त्रात नाबोथ ज्याला वडिलोपार्जित म्हणतो, त्यासाठी शब्द आहे ‘वतन’. भाषांतर म्हणून चपखल. मराठी मुलखात वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, पाटलाचं वतन, देशमुखाचं वतन, ज्याच्यासाठी भावाभावांनी एकमेकांचे गळे कापले. पण वतन महारांचंही होतं. गावाची सगळी हलकी-भारी कामं, दिवसरात्र, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल मांडलं, कारण ती जमीन म्हणजे गळ्यातला दोर होता. अखेर १९५८च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं रद्द झाली. नगर भागातल्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांची मुळं याच समाजात आहेत. म्हणजे तिथल्या एखाद्या चर्चमध्ये नाबोथ ‘माझं वतन देणार नाही’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनात अभिमान येईल की दुसरंच काही? माझा एक नगरचा मित्र म्हणतो, आमचा आजा असता तर म्हणाला असता, घेऊन टाका बाबा एकदाचं.

आणि नर्मदाकाठी तर हा शब्द कागदावर उतरलाच नाही. तिथली बरीच गावं वनगावं होती. पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालला, पण सरकारच्या वहीत जमीन जंगलाची आणि कसणारा अतिक्रमणदार. मोर्स अहवालानं बोट ठेवलं ते नेमकं इथे: लवादाची दोन हेक्टरची तरतूद ‘जमीनधारका’साठी, आणि कागद नसलेला आदिवासी त्या शब्दात मावत नव्हता. अहाबानं निदान नाबोथाला मालक मानलं होतं. विकत मागितलं होतं.

हे मी सुट्टीत घरी आजीला सांगत होतो. आजीला वाचता येत नाही. बायबल तिला पाठ आहे, पण ऐकून. तिनं नाबोथाची गोष्ट पुन्हा ऐकली आणि विचारलं, त्याच्याकडे सातबारा नव्हता का? मी म्हटलं, आजी, तेव्हा सातबारा नसायचा. मग कुणाचं शेत हे कशावरून ठरायचं? वाडवडील कसत होते यावरून. आजी म्हणाली, मग आमच्यासारखंच.

आमच्या घराची वनजमीन आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसतोय याचे पुरावे दिले. मंजूर झालं ते निम्म्याहून कमी क्षेत्र. एका कार्यालयात मोजणीच्या वेळी जीपीएसचे बिंदू चुकीचे टाकले गेले, असं तिथल्याच एकानं मला सांगितलं. मी नकाशाचे सॉफ्टवेअर बनवून पगार घेतो. माझ्याच शेताचा पॉलिगॉन मला दुरुस्त करून मिळत नाही. अपील पडून आहे.

त्यामुळे लेवीय २५ मी आता वेगळं वाचतो. तिथे देव म्हणतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. लहानपणी मला हे भारी वाटायचं. आता एक शंका येते. नाबोथाच्या वाडवडिलांना ती जमीन मिळाली कशी? यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे, तिथे आधी राहणाऱ्या कनानी लोकांकडून घेऊन. ओसेज या अमेरिकन आदिवासी समाजातले अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९मध्ये हेच लिहिलं: वचनदत्त देशाची गोष्ट वाचताना आम्हाला आपला चेहरा इस्राएलात नाही, कनानात दिसतो. हे वाचून मी काही दिवस बायबल उघडलं नाही. मग तळोद्याची गोष्ट आठवली. नर्मदेच्या विस्थापितांना वसवायला तळोद्याकडची जंगलजमीन मोकळी केली, तेव्हा तिथेही आधीपासून आदिवासीच कसत होते. त्यांच्या वह्यांतही ते अतिक्रमणदार. नाबोथाला दुसरा मळा मिळाला तो दुसऱ्या नाबोथाचा होता.

मराठी माणसानं बायबल जगण्याला लावणं हे काही नवीन नाही, आणि ते नेहमी शुक्रवारच्या कॉलइतकं सौम्यही नव्हतं. ना. वा. टिळकांना १८९३मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते अडकले, १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि १९१७मध्ये त्याच प्रवचनाच्या जोरावर मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात शेकडो मुली उचलून केडगावला आणल्या आणि नंतरची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. १९२२मध्ये त्या गेल्या, १९२४मध्ये ते छापून निघालं, मुक्तिमिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. त्यांना ते कमी शिकलेल्या बाईला कळावं असं हवं होतं. माझ्या आजीसारख्या बाईला.

नाबोथाला तर सोळाशे वर्षांपूर्वीच मिलानच्या बिशप अँब्रोजनं रस्त्यावर आणलं होतं. त्यानं या एका अध्यायावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि सुरुवातीलाच सांगितलं की गोष्ट जुनी असली तरी ती रोज घडते. श्रीमंत सभासदांसमोर हे बोलायला तेव्हाही धाडस लागत असणार. आमच्याकडे ती हेव्यावरच का थांबते, याचं माझं उत्तर फार थोर नाही: आमची चर्च भित्री आहेत आणि भिण्याला कारणंही आहेत. आदिवासी ख्रिस्ती माणसानं जमिनीबद्दल तोंड उघडलं की लोक आधी त्याच्या धर्माबद्दल विचारतात. नाबोथावरही आरोप जमिनीचा नव्हता, देवाच्या आणि राजाच्या निंदेचा होता.

मणिबेलीला मी एकदाच गेलोय, गेल्या हिवाळ्यात. बघायला काही नाही, असं सांगितलं तर खोटं नाही. पाणी आहे, रुंद आणि हिरवट, आणि उतारावर वर सरकलेली घरं. धरणाच्या खालच्या अंगाला, तीनेक किलोमीटरवर १८२ मीटरचा पुतळा आहे आणि त्याची पार्किंगची जागा भरलेली असते. वर, भिंतीच्या अलीकडे, महाराष्ट्राची सुरुवात. एका घराच्या ओट्यावर बसलो. घरचे वसावे, ख्रिस्ती नाहीत, देवमोगरा मातेला मानणारे. मी त्यांना नाबोथाची गोष्ट सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगितली नाही. त्यांची गोष्ट त्यांनाच एका राजाच्या नावानं ऐकवणं मला विचित्र वाटलं. त्यांनी विचारलं, तू काय करतो? नकाशे, म्हटलं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि उपग्रह नकाशात पाण्यावर बोट ठेवून कुठे काय होतं ते दाखवू लागले. इथे मोहाची झाडं. इथे देऊळ. इथे आमचं घर. ॲपमध्ये तिथे नुसता निळा रंग.

मागच्या महिन्यात शुक्रवारची चालवायची पाळी माझी होती. मी गणना २७ घेतलं. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. त्या मोशेपुढे आणि सगळ्या सभेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भाऊ नाही म्हणून बापाचं नाव जमिनीतून का पुसायचं, आम्हाला हिस्सा द्या. मोशेनं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. मी मग १९७९चा निवाडा सांगितला: वेगळं कुटुंब धरलं ते सज्ञान मुलाला. सज्ञान मुलीला नाही. यावेळी लागूकरण सव्वा तास चाललं. जिच्या नवऱ्यानं पहिल्या वेळी बायकोच्या सल्ल्याची गोष्ट काढली होती, ती सगळ्यात जास्त बोलली. तिच्या माहेरच्या शेतावरचं हक्कसोडपत्र तिनं लग्नाच्या आठवड्यात सही केलं होतं, न वाचता.

त्याच रात्री आजीला फोन केला. तिला मुलींची गोष्ट आवडली. मग म्हणाली, पण त्या नाबोथाची बायको कुठे गेली? मी म्हटलं, बघून सांगतो. अध्याय २१ पुन्हा वाचला, दुसरे राजेपर्यंत गेलो. तिथे नवव्या अध्यायात त्याच्या मुलांच्याही रक्ताचा उल्लेख सापडला. बायकोबद्दल कुठेच काही नाही. आजीला तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, अपिलाची तारीख आली का?